ओवीची चटणी

“म्हण बघू कायतरी,” हौसामावशी म्हणाली.

मी इकडेतिकडे बघितलं. मी चटणीच्या डंकावर काम मागायला आले होते, भजनी मंडळात नाव घालायला नव्हे. दहावीचा शेवटचा पेपर देऊन दोनच दिवस झाले होते. निकाल लागेपर्यंत घरात बसून आईची बोलणी खायची, की बाहेर पडून मिरच्यांचा ठसका खायचा, एवढाच प्रश्न होता, आणि मला ठसका परवडणार होता.

“काय म्हणू?”

“काय पण म्हण. गाणं म्हण, आरती म्हण, पाढं म्हणलंस तरी चालंल. मला आवाज आईकायचाय.”

मी शाळेतली प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या ओळीलाच कोपऱ्यात बसलेला एक लुकडा पोरगा पोट धरून हसायला लागला. तो मावशीचा भाचा दिनकर. आमचं सगळं विटं गाव त्याला दिन्या म्हणायचं.

“आत्ती, हिला ठेवू नको,” तो म्हणाला. “हिच्या आवाजानं मिरच्या रडतील.”

“आवाज मोठा हाय,” मावशी म्हणाली. “मला तेवढंच पायजे. सुराचं काय लोणचं घालायचंय? उद्यापास्नं ये गं पोरी. काय नाव म्हणालीस?”

“रंजना.”

“रंजे, केस घट्ट बांधून ये. ओढणी घरात ठिवून ये.”

आमच्याकडे वर्षभराच्या तिखट मसाल्याला चटणीच म्हणतात. होळी झाली की घरोघरी मिरच्या वाळत पडतात, मग खोबरं, धने, तीळ भाजले जातात, कांदा-लसूण तळला जातो, आणि हे सगळं डब्यात भरून बायका डंकावर येऊन नंबर लावतात. मावशीचा डंक बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होता. जमिनीत पुरलेली दोन उखळं आणि त्यांच्यावर दोन लोखंडी मुसळं. मोटर चालू केली की एक वर जायचं, दुसरं खाली यायचं, आणि त्या दणक्यानं शेजारच्या शिंप्याच्या कपाटातले गुंड्यांचे डबे वाजायचे. उखळापाशी एक जण बसून कडेची चटणी लाकडी उलथन्यानं आत लोटायचा. दुसऱ्यानं समोरच्या भिंतीशी, मोटरच्या खटक्यापाशी उभं राहायचं; खटका पाडला की मुसळ असेल तिथंच थांबायचं. उखळापाशी दिन्या असायचा आणि खटक्यापाशी मी.

पहिल्याच दिवशी मावशीनं मला नियम सांगितला.

“उखळापाशी बसलेल्यानं ओवीची पहिली ओळ म्हणायची. खटक्यापाशी असंल त्यानं दुसरी म्हणायची. मधी खंड पडता कामा नये. ओवी थांबली, की तवाच्या तवा खटका पाडायचा. मग कुणी का आसंना, कितीबी घाईत आसंना.”

“का?”

“मुक्या डंकाची चटणी नासती. बुरशी धरती.”

मी शास्त्र विषयात बऱ्यापैकी मार्क मिळवणारी मुलगी होते. मला हसू आलं. पण मावशीच्या आवाजापुढे तहसीलदारही हसला नसता, म्हणून मी मान डोलावली.

गंमत अशी, की गिऱ्हाइकांचा या गोष्टीवर माझ्या शंभरपट विश्वास होता. “हौसाबाईची चटणी दुसरा उन्हाळा बघती,” असं बायका एकमेकींना सांगायच्या. “का बघनार न्हाई? ओवीची चटणी हाय ती.” खानापुरापासून बायका एसटीनं डबे घेऊन यायच्या, ते त्या ओवीसाठी. ओव्या मावशीनंच रचलेल्या होत्या. दिन्या ओरडायचा,

“खोबरं भाजिलं गं, वास गेला वाड्यामंदी!”

आणि मी भिंतीशी उभी राहून बोंब मारायची,

“नणंद विचारी गं, काय शिजं हांड्यामंदी!”

त्यात तोंडाला फडकं बांधलेलं. त्यात शिंका. नाकातोंडाला कितीही गुंडाळलं तरी मिरची आपली वाट काढतेच. शिंक आली की ओळ तुटायची, ओळ तुटली की मी खटका पाडायची, दिन्या नाक पुसून पुन्हा “खोबरं भाजिलं गं” सुरू करायचा, मी पुन्हा खटका वर. दिवसभर हेच. सुरुवातीला मला वाटायचं, आपण कामाला आहोत की तमाशाला? पण आठवड्याभरात मजा वाटायला लागली. माझ्या बेसूर आवाजाला जगात कुठंतरी भाव होता, ही गोष्ट मला आवडत होती, खोटं कशाला बोलू.

दिन्याला मात्र हे सगळं बायकी वाटायचं. त्याला लष्करात जायचं होतं. सतरा संपून अठरावं लागणार होतं आणि पावसाळ्यात कोल्हापुरात भरती होती. तो पहाटे नेवरी रस्त्यानं धावून यायचा, डंकाच्या तुळईला लोंबकळून छाती वाढवायचा आणि दिवसातून एकदा तरी उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या नाकासमोर नाचवायचा.

“रंजे, हे बोट बघून ठेव. बंदूक ह्याच बोटानं चालती. भरतीत डॉक्टर पयल्यांदा बोटं बघत्यात. जरा वाकडं दिसलं, की जा घरी.”

“बोटच बघतात ना? डोकं बघत नाहीत, तुझं नशीब.”

त्याची आई एकदा डंकावर आली होती. जाताना ती मावशीचे हात धरून म्हणाली होती, “वन्सं, पोरगं धड हातापायानं भरतीला जाऊ द्या, बाकी काय मागत न्हाई.” मावशी नुसतं “हूं” म्हणाली होती.

आता तळाची गोष्ट सांगते, कारण सगळं घडलं ते तळामुळं.

कांदा-लसणाची चटणी तेलकट असते. ती उखळाच्या तळाला चिकटून बसते. उलथनं तिथं पोचत नाही. आणि आमच्या भागातल्या बायकांची पक्की समजूत अशी, की डंकवाले हा तळ मुद्दाम ठेवतात, दिवसभरात वीस जणींचे वीस तळ गोळा करतात आणि स्वतःच्या घरची बरणी भरतात. त्यामुळे आपली चटणी निघायला लागली की बाई उखळावर वाकायची आणि म्हणायची, “तळ काढ रं बाबा, तळ काढ.” मागं नंबरवाल्या ओरडत असायच्या, “आटपा की!” मग दिन्या चालत्या डंकात हात घालायचा. मुसळ वर गेलं की हात आत, मूठभर चटणी उचलायची, मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. बघणाऱ्या बायका तोंडात बोटं घालायच्या. “काय हात बसलाय पोराचा!” मावशीही तसाच तळ काढायची. सगळेच डंकवाले काढायचे. मलाही कधी एकदा तिथं बसून हात घालते असं झालं होतं. मी मावशीला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा “आधी खटका संभाळ” एवढंच उत्तर मिळालं.

त्या दिवशी मावशी एका साखरपुड्याला गेली होती. डंक आम्हां दोघांवर होता. नंबर लावलेल्या बायकांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती आणि सगळ्यांत पुढं होत्या शेवंताकाकू मोहिते. या काकू भाजीवाल्याकडून कोथिंबिरीच्या जुडीतल्या काड्या मोजून घेणाऱ्या. त्यांनी स्वतःचा पाट आणला होता आणि तो उखळापासून हातभर अंतरावर मांडून त्या पहाऱ्याला बसल्या होत्या.

डंक सुरू झाला, दोन ओव्या झाल्या, आणि दारात दिन्याचे तालमीतले तीन दोस्त येऊन उभे राहिले. हाताची घडी घालून, एक जण मिशीच्या जागेवर पीळ देत.

दिन्या गप्प झाला.

मी वाट बघितली. त्यानं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. म्हणजे आज ओवी नको, इज्जतीचा सवाल आहे. आता खरं सांगायचं तर बुरशीवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पण पंधरा दिवस हा माझ्या आवाजाची टर उडवत होता. अशी संधी कोण सोडतं? मी खटका पाडला.

डंक थांबला. गल्लीत एकदम शांतता झाली.

“काय गं, लाईट गेली?” शेवंताकाकूंनी विचारलं.

“लाईट आहे काकू. ओवी गेली. दिनकर गात नाही.”

“मंग?”

“मग काय, मुक्या डंकाची चटणी. बुरशी धरते. तुमची मर्जी असेल तर करते चालू.”

काकू पाटावरून उठल्या. “ए पोरा! पाच किलो ब्याडगी हाय माझी! गा की रं!”

“काकू, अवो गळा बसलाय माझा…”

“मगाशी तर बोकडावानी वरडत हुतास! गा म्हणते न्हवं!”

मागच्या बायकाही ओरडायला लागल्या. “गा रं दिन्या! आमचा पण नंबर हाय!” दारातले दोस्त आता भिंतीला टेकून हसत होते. दिन्याचे कान मिरचीसारखे लाल झाले. मी अगदी भोळ्या चेहऱ्यानं खटक्याला हात लावून उभी. शेवटी त्यानं तोंडावरचं फडकं ओढून खाली केलं, दोस्तांकडे रागानं बघितलं आणि अशी काही आरोळी ठोकली, की शिंपी शिलाई सोडून बाहेर आला.

“खोबरं भाजिलं गं, वास गेला वाड्यामंदी!”

“नणंद विचारी गं,” मी खटका वर करत किंचाळले, “काय शिजं हांड्यामंदी!”

अख्ख्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. दोस्तांतल्या एकानं तर शिट्टी मारली. मग दिन्यालाही चढलं. लाज गेली की माणूस कसा सुटतो, तसा तो सुटला. हातवारे करत, मान हलवत गायला लागला. दोस्त म्हणाले, “वा शाहीर!” मीही हसता हसता ओळी म्हणत होते. इतकं हसलेला दिवस त्या उन्हाळ्यात दुसरा नव्हता.

चटणी होत आली. शेवंताकाकू उखळावर वाकल्या.

“तळ काढ रं आता. समदा काढ. मागल्या बारीला वाटीभर ठेवला हुता.”

दिन्यानं दोस्तांकडे एकदा बघितलं, म्हणजे बघा आता, आणि उलथनं बाजूला ठेवलं. फडकं गळ्यात तसंच लोंबत होतं. मुसळ वर गेलं, हात आत गेला, मूठ भरून बाहेर आला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तोंडानं ओवी चालूच.

“अजून हाय, अजून हाय,” काकू म्हणाल्या. “त्या कोपऱ्याला.”

“खोबरं भाजिलं गं, वास गेला वा…”

ओळ तुटली.

मी खटका पाडला. विचार करून पाडला नाही. पंधरा दिवस ओळ तुटली की माझा हात खाली जात होता, तसा तो गेला. दिन्याचं तोंड अजून उघडंच होतं, डोळे मिटलेले, मान मागं. शिंक यायच्या आधी माणूस जसा थबकतो तसा. मग शिंक आली. अशी जोराची, की तो कमरेत वाकला.

त्यानं डोळे उघडले. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत उखळात होता. आणि त्याच्यावर वीतभर अंतरावर मुसळ अधांतरी थांबलेलं होतं.

त्यानं हात अगदी हळू बाहेर काढला, चटणीनं लडबडलेला. मग एकेक बोट मिटून बघितलं, उघडून बघितलं. करंगळीपासून सुरू करून तो त्या पहिल्या बोटापर्यंत आला, ते त्यानं दोनदा वाकवलं, आणि तिथंच खाली बसला. दारातल्या दोस्तांच्या हाताच्या घड्या सुटल्या होत्या. मला रडू फुटलं आणि रडता रडताच मी त्याच्या अंगावर ओरडले, “मूर्खा! गाढवा! फडकं कशाला काढलंस?”

“शिंक आली,” तो बारीक आवाजात म्हणाला.

कुणीतरी पाणी आणलं. शेवंताकाकू आपल्या पाटावर बसून पदरानं कपाळ पुसत होत्या. “आगं माझे बाई,” त्या म्हणत होत्या, “आगं माझे बाई.” बराच वेळ गेला. मग त्यांनी उखळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि चोरट्या आवाजात म्हणाल्या,

“आता बंदच हाय तर… तेवढा तळ काढता का?”

रागावावं की हसावं, मला कळेना. शेवटी मी हसले, दिन्या हसला, मग रांगच्या रांग हसली. मी उखळापाशी बसले आणि बंद डंकाचा तळ हातानं खरवडून काढला, कोपऱ्यासकट. तांब्याभर पाणी पिऊन होईपर्यंत उखळ लख्ख झालं. इतकं सोपं काम होतं ते.

संध्याकाळी मावशी आली. तिला गल्लीच्या तोंडाशीच सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता दिन्याची हाडं मोडणार. पण ती साखरपुड्याच्या साडीतच उखळाच्या कडेला बसली, दिन्याचा हात मांडीवर घेऊन उलटसुलट करून बघितला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“मावशी,” मी विचारलं, “ती ओवी यासाठीच होती?”

“मंग काय तुझा आवाज आईकायला? तुझ्या आवाजानं दोन गिऱ्हाइकं परत गेल्यात माझी.”

“आणि बुरशी?”

“बुरशी वल्ल्या हातानं धरती. गाण्याचा काय संबंध?” ती म्हणाली. “आगं, माझी सासू आन मी एका उखळात दोन मुसळं घालायचो. गाणं चुकलं की थांबायचं. न्हाईतर एकमेकीच्या हातावर बसायचं. तेच हितं लावलं.”

“मग तसं सांगायचं ना सरळ! बोटं जातील म्हणून सांगायचं.”

“ह्याला?” तिनं दिन्याकडे बघितलं. “सोळा-सतरा वर्साच्या पोरास्नी ‘जपून रं’ म्हणलं, की ती मुद्दाम तिथंच हात घालत्यात. दोस्त बघाय आले की दोन घालत्यात. आन गिऱ्हाइकाला सांगितलं की पोराच्या हातासाठी डंक थांबवते, तर म्हणतील, दुसरं पोरगं ठेव. चटणी बिघडंल म्हणलं की गप बसत्यात.”

तिचं म्हणणं खरं होतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पर चूक माझीच हाय. थांबायची युक्ती केली. हात आत जाऊच नये, ती न्हाई केली. मीच समद्यांच्या म्होरं हात घालून दाखवत हुते.” आणि तिचे डोळे भरून आले. हौसामावशीचे डोळे मिरचीनंसुद्धा भरत नसत. मी दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली, तेव्हा मावशी उखळापाशी उभी राहून गरजली. “आजपास्नं तळाला दम द्यायचा!”

“म्हंजे?” पहिल्या बाईनं विचारलं.

“चटणी झाली की डंक थांबवायचा. चटणी दम खाती, रंग धरती. मंग तुमच्या डोळ्यादेखत तळ काढायचा. चालत्या डंकाचा तळ काढला की समदी चटणी कडू पडती. आमच्या सासूबाई सांगायच्या.”

सासूबाईंनी असलं काही आयुष्यात सांगितलेलं नव्हतं, हे मावशीच्या चेहऱ्यावरून मला कळलं. रांग कुरकुरली. दोघीतिघी डबे उचलून पलीकडच्या डंकावर गेल्या. पण चार दिवसांत गल्लीत बोलबाला झाला, की हौसाबाईच्या दमाच्या चटणीला रंग काय आलाय! गेलेल्यांतल्या दोघी परत आल्या. मी आणि दिन्या खटका पाडून तोंड फिरवून हसायचो.

पावसाळ्यात दिन्या भरतीला गेला. धावला, उड्या मारल्या, आणि डॉक्टरांनी त्याची बोटं उघडमीट करायला लावली. तो पास झाला. निघायच्या दिवशी तो आमच्या दारात उभा राहिला.

“रंजे, खरं सांग. त्या दिवशी तू मला चिडवायलाच खटका पाडत हुतीस न्हवं?”

“हो,” मी म्हणाले. “नुसतं चिडवायला.”

“बरं केलंस,” तो म्हणाला, आणि पिशवी खांद्याला लावून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात अकरावीची परीक्षा देऊन मी पुन्हा डंकावर आले. आता उखळापाशी मी बसणार होते. खटक्याला माणूस हवं होतं. एके सकाळी शेवंताकाकू आल्या. या वेळी हातात डबा नव्हता, पाटही नव्हता. आपल्या लेकीला, वैजूला, त्यांनी मनगटाला धरून आणलं होतं. वैजू माझ्यापेक्षा वर्षानं लहान, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या.

“हौसाबाई, पोरगी कामाला ठेव,” काकू म्हणाल्या. “आवाज मोठा हाय तिचा.”

“ठेवते की. आधी खटक्याला, मंग फुडच्या साली उखळाला.”

काकू हलल्या नाहीत. त्यांनी उखळाकडे बघितलं, वरच्या मुसळाकडे बघितलं.

“तळ काढताना…”

“दम देतो की आम्ही,” मावशी म्हणाली. “रंग धरतो त्यानं.”

“रंगाचं मरू दे,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “मोटर बंद करतासा न्हवं? अगदी बंद?”

माझ्या जिभेवर आलं होतं, की काकू, हा प्रश्न मागच्या साली कुठं गेला होता? पण मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि मी ते गिळलं.

“अगदी बंद,” मावशी म्हणाली.

तेव्हा कुठं काकूंनी लेकीचं मनगट सोडलं.